श्रीहरिकोट्याला जाऊन रॉकेटचं उड्डाण पाहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रोचं उड्डाण प्रत्यक्ष पाहायची इच्छा अनेकांना असते. तरी बहुतेक जण ‘ते आपल्यासाठी नसतं’ असं धरून चालतात आणि घरी टीव्हीसमोर बसतात. ते आपल्यासाठीच आहे. म्हणून ओळखीपाळखीतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

टीव्हीवर इतकं जवळून आणि स्पष्ट दिसतं. मग एवढ्या लांब जायचं कशाला?

टीव्हीवर रॉकेट मोठं दिसतं हे खरं. पण पडद्यावर दोन गोष्टी येत नाहीत. पहिली म्हणजे उजेड. घन इंधनाच्या मोटरची ज्योत इतकी प्रखर असते की कॅमेऱ्याला ती फक्त एक पांढरा डाग म्हणून टिपता येते. डोळ्यांना मात्र ती वितळलेल्या धातूसारखी पिवळी-पांढरी दिसते आणि भर दुपारीसुद्धा नजर तिच्यावर ठरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज, आणि माझ्या मते खरं कारण तेच आहे. हा आवाज कानांआधी छातीत जाणवतो. कोणत्याही स्पीकरमधून तो तसा येत नाही.

सर्वसामान्य माणसाला आत जाता येतं का?

हो. आंध्र प्रदेशात श्रीहरिकोट्याला इस्रोचं सतीश धवन अवकाश केंद्र आहे. त्याच्या हद्दीत ‘लाँच व्ह्यू गॅलरी’ आहे. 2019 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि 1 एप्रिल 2019 च्या पीएसएलव्ही-सी45 च्या (पीएसएलव्ही हा इस्रोचा एक प्रक्षेपक, म्हणजे उपग्रह वर नेणारं रॉकेट) उड्डाणाला पहिल्यांदा सामान्य प्रेक्षक तिथे बसले. स्टेडियमसारख्या पायऱ्या आहेत, समोर मोठे पडदे आहेत, ध्वनिक्षेपकावर समालोचन चालू असतं आणि झाडीपलीकडे प्रक्षेपण तळ आहेत. आवारात प्रक्षेपकांच्या प्रतिकृती आणि अवकाश संग्रहालयही आहे. ते बघायला हाताशी तास-दोन तास ठेवा, कारण उड्डाणानंतर कोणाचं लक्ष तिकडे जात नाही.

नोंदणी कशी करायची?

गॅलरीसाठी केंद्राचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे. उड्डाणाची तारीख जाहीर झाली की साधारण काही दिवस आधी तिथे नोंदणी उघडते. इस्रोच्या समाजमाध्यमांच्या पानांवर तशी सूचना येते. त्या सूचनेवर लक्ष ठेवणं हेच मुख्य काम, कारण गाजणाऱ्या मोहिमेच्या जागा बघता बघता भरतात. घरातल्या सगळ्यांच्या ओळखपत्रांचे क्रमांक आधीच एका कागदावर लिहून ठेवा. ज्या ओळखपत्रावर नोंदणी केली तेच मूळ ओळखपत्र फाटकावर दाखवावं लागतं. वयाच्या, नागरिकत्वाच्या आणि सोबत काय नेता येईल याच्या अटी त्या-त्या वेळच्या सूचनेत दिलेल्या असतात. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या माहितीवर विसंबू नका.

नोंदणी मिळाली नाही तर सगळं संपलं का?

मुळीच नाही. फक्त अंतर वाढतं. श्रीहरिकोटा हे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधलं लांबट बेट आहे. सरोवराच्या पश्चिमेला सुल्लुरुपेटा हे गाव, तळांपासून सरळ रेषेत सुमारे 22 किलोमीटरवर. तिथल्या गच्च्यांवरून रॉकेट छान दिसतं. गावातून बेटाकडे जाणारा रस्ता सरोवरातून जातो आणि उड्डाणाच्या आधी पोलीस तो ठरावीक ठिकाणी अडवतात. तोवर जिथे उभं राहू देतील तिथे राहायचं आणि हुज्जत घालायची नाही. दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीत, पळवेरकाडू म्हणजेच पुलिकत गावाचा किनारा आहे. तो अंदाजे 35 किलोमीटरवर पडतो. चेन्नईचा मरीना किनारा 75 किलोमीटरच्या आसपास. आकाश स्वच्छ असेल तर तिथूनही, उत्तरेकडे, चढत जाणारी ज्योत आणि धुराची रेघ दिसते.

मात्र चेन्नईहून आवाजाची आशा धरू नका. महाराष्ट्रातून खास यासाठी निघणार असाल, तर तळांपासून सुल्लुरुपेट्याहून जास्त लांब थांबू नका.

कोणतं उड्डाण निवडावं? चांद्रयानासारखं मोठं असेल तेव्हाच जाऊ का?

माझं मत अगदी उलट आहे. मोठ्या नावाच्या मोहिमेला नोंदणी मिळणं कठीण, लॉज मिळणं कठीण, रस्त्यावर गर्दी. आणि डोळ्यांना दिसतं ते नाव नव्हे, प्रक्षेपक दिसतो. ज्या प्रकारच्या रॉकेटने 14 जुलै 2023 रोजी दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चांद्रयान-3 नेलं, त्याच एलव्हीएम3 ने दळणवळणाचा उपग्रह नेला तरी आग तेवढीच आणि गर्जना तेवढीच. बातमीत दोन ओळी मिळणारा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह घेऊन पीएसएलव्ही निघतो, तेव्हाही तो 44 मीटर उंचीचा आणि सुमारे 320 टन वजनाचा असतो. मोहिमेचं नाव बघू नका. तुमची रजा, मुलांची सुट्टी आणि हवामान यांच्याशी जुळणारी तारीख बघा.

निवडीला वाव असेलच तर एलव्हीएम3 निवडा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या एस200 मोटरमध्ये प्रत्येकी 200 टनांहून जास्त घन इंधन असतं आणि दोन्ही एकदमच पेटतात. श्रीहरिकोट्यात याहून मोठा आवाज करणारा प्रक्षेपक आज नाही.

महाराष्ट्रातून जायचं कसं? राहायचं कुठे?

मुंबई-पुण्याहून सोपा मार्ग म्हणजे विमानाने किंवा रेल्वेने चेन्नई गाठायची. चेन्नई-गुडूर मार्गावर सुल्लुरुपेटा स्थानक आहे आणि चेन्नईहून तिथवर लोकल गाड्या जातात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मंडळींची तर अधिकच सोय आहे, कारण बल्लारशा-विजयवाडा मार्गाने चेन्नईला जाणाऱ्या गाड्या गुडूरवरूनच जातात. गुडूरला थांबणारी गाडी पाहून तिथे उतरायचं. कोल्हापूर-सांगलीकडून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट तिरुपतीला जाते आणि तिरुपतीहून श्रीकाळहस्ती, नायुडुपेटा असं रस्त्याने सुल्लुरुपेट्याला येता येतं. देवदर्शनाला जाणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना हे ठाऊकच नसतं की आपण मुक्कामाला आहोत त्याच जिल्ह्यात देशाचं रॉकेट केंद्र आहे.

सुल्लुरुपेट्यात लॉज आहेत, पण मोजके, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री ते भरलेले असतात. नायुडुपेटा, गुडूर, तिरुपती किंवा चेन्नई इथे मुक्काम करून पहाटे निघणं जास्त खात्रीचं. परतीच्या वाटेवर मात्र सगळ्यांना तोच सरोवरातला रस्ता असतो. त्याच संध्याकाळचं विमान किंवा रेल्वेचं तिकीट काढू नका.

एवढं करून पोचलो आणि उड्डाण पुढे ढकललं तर?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि बेत आखतानाच याचं उत्तर हाताशी हवं. 15 जुलै 2019 ला पहाटे 2 वाजून 51 मिनिटांनी चांद्रयान-2 निघायचं होतं. 56 मिनिटं 24 सेकंद उरलेली असताना उलटी गणती थांबली आणि त्या रात्री उड्डाण झालंच नाही. ते झालं 22 जुलैला, दुपारी 2 वाजून 43 मिनिटांनी. 21 ऑक्टोबर 2023 ला गगनयानच्या पहिल्या चाचणी उड्डाणात संगणकाने शेवटच्या 5 सेकंदांवर इंजिन रोखलं. तिथे मात्र कारण लवकर सापडलं आणि त्याच सकाळी 10 वाजता यान निघालं. 4 डिसेंबर 2024 ला युरोपच्या प्रोबा-3 उपग्रहांमध्ये बिघाड आढळला, म्हणून पीएसएलव्ही-सी59 दुसऱ्या दिवशी गेला.

म्हणजे खोळंबा तासाभराचा, दिवसाचा किंवा आठवड्याचाही असू शकतो. ठरलेल्या तारखेनंतर किमान दोन दिवस मोकळे ठेवा आणि रद्द करता येतील अशी तिकिटं काढा. मुलांना आधीच समजावून सांगा की थांबवण्याचा निर्णय हासुद्धा तिथल्या माणसांच्या कामाचा भाग आहे. उलटी गणती थांबते, तेव्हा कोणीतरी वेळेत काहीतरी ओळखलेलं असतं. ते नीट सांगितलं तर मुलांना पटतं.

वेळ अगदी मिनिटाच्या हिशेबात का ठरलेली असते?

पृथ्वी फिरत असते आणि उपग्रहाला ठरावीक कक्षेत सोडायचं असतं. श्रीहरिकोटा त्या कक्षेच्या बरोबर खाली येण्याचा क्षण ठरलेला असतो. शिवाय वर आधीच फिरणारे उपग्रह आणि कचरा यांच्याशी टक्कर होणार नाही हेही शेवटपर्यंत तपासलं जातं. 30 जुलै 2023 चं पीएसएलव्ही-सी56 चं उड्डाण याच कारणाने एक मिनिट उशिरा, 6 वाजून 31 मिनिटांनी झालं. तेव्हा घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून घ्या आणि ‘पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतील’ असं समजून चहाला जाऊ नका.

प्रत्यक्षात काय दिसतं? सुरुवातीपासून सांगा.

शेवटची काही मिनिटं सगळं संगणकाच्या हाती असतं. समालोचक तेलुगू, हिंदी, इंग्रजीत बोलत असतो. गर्दी आपोआप शांत होते आणि शेवटचे दहा आकडे सगळे मिळून मोजतात. पुढचं दृश्य प्रक्षेपकावर अवलंबून असतं.

पीएसएलव्ही असेल तर शून्याला झाडांमागे एकदम उजेड होतो आणि रॉकेट लगेच सुटतं. घन इंधन पेटलं की थांबणं नाही. जीएसएलव्ही या दुसऱ्या प्रक्षेपकाची गोष्ट वेगळी. त्याच्या बाजूच्या चार द्रव इंधनाच्या मोटर शून्याच्या 4.8 सेकंद आधी पेटतात, त्या नीट चालल्याची खात्री होते आणि मगच मधली घन मोटर पेटते. आधी लालसर तपकिरी धूर दिसतो, रॉकेट जागचं हलत नाही आणि नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका, ते तसंच असतं. एलव्हीएम3 चे दोन्ही एस200 शून्याला पेटतात आणि 640 टनांचं ते धूड डौलात, सावकाश वर येतं. निदान सुरुवातीच्या क्षणांत तरी ते सावकाशच भासतं.

आणि हे सगळं पूर्ण शांततेत घडत असतं. उजेड पोचलेला असतो, आवाज अजून वाटेत असतो. रॉकेट झाडांच्या वर आलं, लोक ओरडू लागले, तरी त्याचा स्वतःचा आवाज नाही. मग तो येतो. आधी लांबवरची घरघर, मग सलग गडगडाट, आणि त्यात कापड टरकावल्यासारखे तडतडणारे फटके. बसलेल्या पायरीत कंप जाणवतो. कितीतरी लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आवाज यायला किती वेळ लागतो?

हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. मुलांबरोबर हा प्रयोग जरूर करा. ज्योत दिसताच मोजायला लागा, आवाज आला की थांबा आणि आलेल्या आकड्याला तीनने भागा. तळापासूनचं तुमचं अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. सुल्लुरुपेट्याच्या गच्चीवर आवाज पोचायला मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. तोवर पीएसएलव्हीच्या बाजूच्या पहिल्या चार मोटर जळून गळण्याच्या बेतात असतात. पळवेरकाडूला दीड मिनिटापेक्षा जास्त लागतं, आणि वारा उलटा असेल तर आवाज फारच पुसट येतो.

किती वेळ दिसतं? दुर्बीण लागते का?

आकाश निरभ्र असेल तर साध्या डोळ्यांनी दोन मिनिटं आरामात. एक्सएल प्रकारच्या पीएसएलव्हीच्या सहा बाजूच्या मोटरांपैकी दोन हवेतच, पंचविसाव्या सेकंदाला पेटतात. पहिल्या चार साधारण 70 व्या सेकंदाला सुटतात आणि पावणेदोन मिनिटांच्या पुढे पहिला टप्पा गळतो. दुसऱ्या टप्प्यात द्रव इंधनाचं विकास इंजिन असतं आणि त्याची ज्योत फिकट असते, म्हणून दिवसा रॉकेट तिथे नाहीसं झाल्यासारखं वाटतं. रात्री तो ठिपका पुढेही बराच वेळ पुरतो. 7×50 किंवा 10×50 ची दुर्बीण असली तर टप्पे सुटताना पाहता येतात. एलव्हीएम3 चे दोन्ही एस200 सवादोन मिनिटांच्या आसपास विलग होतात, ते पाहायला दुर्बीण हवीच. पहिलं अर्धं मिनिट मात्र ती गळ्यातच राहू द्या.

यातल्या बऱ्याच भागांवर मराठी मुलखाचा हात फिरला आहे. मोटरांची पोलादी आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनली आहेत, विकास इंजिनं मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. घन इंधनावर आयुष्याची उमेदीची वर्षं घालवणारे डॉ. वसंत गोवारीकर पुण्याचे. 1980 मध्ये एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते.

सकाळचं उड्डाण चांगलं की संध्याकाळचं?

याचा विचार फार थोडे लोक करतात. गॅलरी आणि सुल्लुरुपेटा दोन्ही तळांच्या पश्चिमेला आहेत, म्हणजे तुमचं तोंड पूर्वेकडे असतं. सकाळच्या उड्डाणाला सूर्य समोरच असतो. चकाकी येते, आणि दुर्बिणीतून चुकून सूर्य पाहिला गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांच्या हाती सकाळी दुर्बीण देऊच नका. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि पांढरा धूर उजळून निघतो. सगळ्यांत सुंदर वेळ सूर्योदयाच्या किंचित आधीची किंवा सूर्यास्तानंतरची. खाली अंधार असतो, वर धुरावर ऊन पडतं आणि रंगांची उधळण होते. 29 जानेवारी 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं प्रक्षेपण, जीएसएलव्ही-एफ15 चं, सकाळी 6 वाजून 23 मिनिटांनी अशाच उजाडत्या वेळी झालं.

ढगांचं काही सांगता येत नाही. ईशान्य मोसमी पाऊस या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. ढग खाली असले तर रॉकेट काही सेकंदांतच आत शिरतं. आवाज तरीही पुरेपूर मिळतो.

फोटो कसे काढावेत?

पहिल्यांदाच जात असाल तर काढू नका, असं मी मनापासून सांगेन. दोन मिनिटांतलं एक मिनिट फोन सावरण्यात जातं, आणि इस्रोचे कॅमेरे तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं चित्रण करणारच आहेत. फार वाटलं तर फोन तिवईवर लावा, एक्स्पोजर कमी करा, फोकस लांबवर पक्का करा, चित्रण सुरू करून सोडून द्या. रात्रीच्या उड्डाणाला कॅमेरा असेल तर कमी आयएसओ, लहान छिद्र आणि दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर ठेवा. वळत जाणारी प्रकाशाची कमान मिळेल. ड्रोन बरोबर नेऊच नका.

लहान मुलं, आजी-आजोबा यांना न्यावं का?

सूचनेतल्या वयाच्या अटीत बसत असतील तर जरूर न्या. तान्ही बाळं आणि आवाजाला बिचकणारी मुलं रडतात. त्यांच्यासाठी कान झाकणारे हेडफोन ठेवा. खरा त्रास उन्हाचा आणि दमट हवेचा. टोपी, भरपूर पाणी, ओआरएसची पुडी आणि नियमाने घ्यायची औषधं जवळ हवीत. बसून राहण्याचा वेळ उड्डाणाच्या कितीतरी पट असतो.

रॉकेटचे तुकडे आपल्यावर पडण्याची भीती असते का?

प्रेक्षकांना जिथे उभं करतात तिथे नाही. पूर्व किनारा निवडण्याचं एक कारण तेच आहे की गळणारे टप्पे बंगालच्या उपसागरात पडावेत. त्या पट्ट्यातली विमानं आणि मच्छीमारांच्या होड्या आधीच दूर ठेवल्या जातात. पूर्वेकडे सोडल्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला सुमारे 450 मीटरचा वेगही आयता मिळतो. महाराष्ट्राला या बाबतीत आलेला अनुभव निराळाच होता. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. ती कक्षेतून परतणाऱ्या चिनी रॉकेटच्या टप्प्याची असावी, असं जाणकारांनी सांगितलं. श्रीहरिकोट्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

मुंबई-पुण्याहून काही दिसेल का?

नाही. अंतर हजार किलोमीटरच्या घरात, आणि रॉकेट उलट्या दिशेला, समुद्राकडे जातं.

रॉकेट नजरेआड झालं की निघायचं का?

थांबा. उपग्रह सुटा होईपर्यंत मोहीम पूर्ण झालेली नसते. चांद्रयान-3 ला त्यासाठी सुमारे 16 मिनिटं लागली. 18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 चा पहिला आणि दुसरा टप्पा नीट चालला, मग तिसऱ्या टप्प्यात मोटरमधला दाब घटला आणि उपग्रह गमवावा लागला. अशा वेळी पडद्यावरची रॉकेटच्या वाटेची रेघ ठरलेल्या वाटेवरून खाली सरकताना दिसते आणि समालोचकाचा स्वर बदलतो. तो दिवसही पाहायला हवा असं मला वाटतं. त्या मोहिमेवर वर्षानुवर्षं खपलेली माणसं तुमच्यापासून काही किलोमीटरवर बसलेली असतात.

आसपास आणखी काय पाहण्यासारखं आहे?

हिवाळ्यात पुलिकत सरोवरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. भिगवणला जाणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. जवळच्या नेलपट्टू अभयारण्यात झोळीवाले पाणकोळी घरटी करतात. उड्डाण दोन दिवस पुढे गेलंच, तर त्या दिवसांचा याहून चांगला उपयोग नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी काय करावं?

तुमचं काम सोपं आहे. फ्लोरिडातून आठवड्याला एकाहून अधिक उड्डाणं होतात आणि टायटसव्हिलच्या नदीकाठच्या बागेतून ती नोंदणीशिवाय दिसतात. पहिला टप्पा किनाऱ्यावर परत उतरणार असेल असं उड्डाण निवडा. उतरताना होणारा ध्वनिस्फोट वेगळाच असतो.

तमिळनाडूत नवं केंद्र होतंय, तिथून पाहता येईल का?

तुतुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टणमला 28 फेब्रुवारी 2024 रोजी पायाभरणी झाली. ते मुख्यतः एसएसएलव्हीसारख्या लहान प्रक्षेपकांसाठी आहे. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या रॉकेटला श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन खर्ची पडतं. कुलशेखरपट्टणमहून सरळ दक्षिणेला समुद्रावर जाता येईल. तिरुचेंदूरचं मुरुगन मंदिर तिथून जवळ असल्याने त्या भागात राहण्याची सोय आधीपासूनच चांगली आहे. प्रेक्षकांची व्यवस्था जाहीर होईपर्यंत बेत श्रीहरिकोट्याचाच आखा.